ते रेकॉर्डिंग पुसू नका

मरहूम दादींचा आवाज दोन माइक लावून रेकॉर्ड केलेला असतो. हेडफोनवर तो ऐकू येतो. एका स्पीकरच्या मोबाइलवर मात्र पोकळ होतो, कधी गायबच! रेकॉर्डिंग बिघडले म्हणून आपण ते पुसायला निघतो.

एका माइकची वायर उलटी जोडलेली असली, तर डाव्या-उजव्या लहरी एकत्र येताच एकमेकींना खोडतात. हे डोळ्यांना दिसते. सॉफ्टवेअरमधला कोरिलेशन मीटर अधिक १ कडे असेल तर दोन्ही बाजू जुळलेल्या. सतत उणे १ कडे असेल तर उलट्या. मीटर नसेल तर लहरी मोठ्या करून पाहा : एक वर जाते तिथे दुसरी खाली.

तेव्हा मूळ फाइल जपून ठेवा, प्रतीमधली एकच बाजू ‘इन्व्हर्ट’ करा. इन्शाअल्लाह, दादी पुन्हा बोलतील.