द्विदल झडप आणि वजनाचा व्यायाम

नांदेड-लातूरच्या भागात बळकट शरीराविषयीचा आदर जुना आहे. माळेगावच्या यात्रेतील कुस्त्यांचा फड येथे घरोघरी ठाऊक असतो. १९७० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक मिळविणारे हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्याचेच. आता तालमीच्या जोडीला जिमही आल्या आहेत. अशा वेळी एखाद्या तरुणाच्या छातीत तपासताना वेगळा आवाज ऐकू येतो, टू-डी इको होते आणि अहवालात ‘बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह’ असे शब्द येतात. मग पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टरसाहेब, पोराची जिम बंद करायची का?’

या प्रश्नाला सरसकट ‘हो’ म्हणणे जितके चुकीचे, तितकेच सरसकट ‘नाही’ म्हणणेही. उत्तर त्या अहवालातील दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, झडपेची स्थिती आणि दुसरी, महारोहिणीची रुंदी.

हृदयातून शुद्ध रक्त ज्या मोठ्या वाहिनीत जाते ती महारोहिणी. तिच्या तोंडाशी असलेल्या झडपेला बेलाच्या पानाप्रमाणे तीन दले असतात. शंभरांतील एक-दोन जणांना जन्मतःच दोन दले असतात. हृदयाच्या जन्मजात दोषांत हा सर्वाधिक आढळणारा दोष असून तो पुरुषांत अधिक दिसतो. पुष्कळांना तरुणपणी काहीही त्रास होत नाही. मात्र वयानुसार अशी झडप कडक होऊन अरुंद होऊ शकते किंवा गळू लागते. काहींच्या महारोहिणीची भिंत मुळातच दुबळी असते व ती हळूहळू फुगत जाते.

वजनाचा संबंध येथे येतो. जड वजन उचलताना आपण नकळत श्वास कोंडून जोर लावतो. त्या क्षणी रक्तदाब किती चढतो, हे १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडातील अभ्यासात धमनीत नळी घालून मोजले गेले. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना शरीरसौष्ठवपटूंचा सरासरी रक्तदाब ३२० वर २५० पर्यंत गेला होता. निरोगी महारोहिणी हा क्षणिक ताण सोसते. फुगलेल्या महारोहिणीची भिंत त्याने फाटू शकते.

म्हणून प्रथम अहवाल नीट वाचून घ्यावा. झडप उत्तम चालत असेल आणि महारोहिणी ४ सेंटिमीटरच्या आत असेल, तर बहुतेक व्यायामांना हरकत नसते. रुंदी ४ ते ४.५ च्या दरम्यान असल्यास हलका ते मध्यम व्यायाम करावा, तोही हृदयरोगतज्ज्ञांना विचारून. ४.५ च्या पुढे जड वजन, कुस्ती व शक्तीच्या स्पर्धा टाळाव्यात. लहान चणीच्या व्यक्तीत कमी रुंदीलाही महत्त्व असते. झडप बरीच अरुंद झाली असेल, तर रुंदी ठीक असूनही जोराचे व्यायाम वर्ज्य समजावेत.

ज्यांना परवानगी मिळाली आहे, त्यांनी काही पथ्ये पाळावीत. कुंथावे न लागता सलग दहा-पंधरा वेळा उचलता येईल एवढेच वजन घ्यावे. ‘एकदाच, पण सर्वांत जास्त’ ही पैज कधीही लावू नये. वजन उचलताना मोठ्याने आकडे मोजावेत. तोंडाने बोलत असताना श्वास कोंडता येत नाही. आकडा अडखळला की वजन खाली ठेवावे. चालणे, सायकल, पोहणे यांना व्यायामात मोठा वाटा द्यावा. रक्तदाब नियमित मोजावा. तंबाखू सोडावी. शरीर फुगविणारी इंजेक्शने व अनोळखी पावडरी यांपासून दूरच राहावे.

हा प्रश्न केवळ जिमचा नाही. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनची पोती पाठीवर वाहणारा हमालही वजनच उचलतो, आणि त्याला ‘आज नको’ म्हणण्याची मुभा नसते. अशा कुटुंबात हा दोष आढळला तर केवळ ‘जड उचलू नका’ एवढे सांगून भागत नाही. पोते दोघांनी उचलणे, हातगाडी वापरणे, काटा किंवा शिलाईचे काम मागून घेणे, यांचा विचार घरच्यांनी व मुकादमांनी मिळून करावा. वैद्यकीय प्रमाणपत्र अशा वेळी उपयोगी पडते. ते मागण्यास संकोचू नये.

अर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे उदाहरण तरुण मुले देतात. त्यांनाही जन्मतः द्विदल झडप होती, हे खरे. पण १९९७ मध्ये त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि २०१८ व २०२० मध्ये पुन्हा. झडपदोष असूनही दीर्घकाळ सक्रिय राहता येते, एवढाच धडा त्यातून घ्यावा. हवे तेवढे वजन उचलण्याचा परवाना समजू नये. कृत्रिम धातूची झडप बसविलेल्यांना रक्त पातळ करणारी गोळी कायम घ्यावी लागते. त्यांनी मार लागणारे कुस्ती-कबड्डीसारखे खेळ टाळावेत.

श्रम करताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा पूर्वीपेक्षा लवकर धाप लागणे, ही झडप अरुंद होत असल्याची चिन्हे असू शकतात. छातीत किंवा पाठीत अकस्मात फाटल्यासारखी तीव्र कळ आली, तर ‘उसण भरली’ म्हणून चोळत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि झडपेचा दोष आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे.

हा दोष घराण्यात उतरू शकतो. म्हणून एकाला आढळल्यास आई-वडील, भावंडे व मुले यांचीही एकदा इको करून घ्यावी. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अंगणवाडी व सरकारी शाळांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा. मोठ्यांनी नांदेडच्या विष्णुपुरी येथील किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. जुने अहवाल फेकू नयेत. गेल्या वर्षीची रुंदी व यंदाची रुंदी शेजारी ठेवून पाहिली, तरच वजन वाढवावे की कमी करावे हे डॉक्टरांना ठरविता येते.