सुनेची ड्युटी संपते कधी?

सर्वपित्री अमावास्या. ज्यांची तिथी कुणाला आठवत नाही, त्यांचेही पान या दिवशी वाढले जाते. आणि २०२५ साली याच दिवशी, २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिन आला होता. ज्यांना स्वतःलाच काही आठवत नाही, त्यांचा. पितृपंधरवड्यात एक टोमणा हमखास ऐकू येतो, जिवंतपणी पाणी विचारले नाही आणि आता वडे-खीर. काही घरांना तो लागू पडतही असेल. पण अशीही असंख्य घरे आहेत, जिथे कढईत वडे सोडणारी बाई मध्येच गॅस बारीक करते, आतल्या खोलीत जाऊन सासऱ्यांची ओली चादर काढते, त्यांना कुशीवर वळवून पाठ पुसते, हात धुते आणि पुन्हा कढईपाशी येऊन उभी राहते. सोवळ्याचे काय झाले, हे विचारायची फुरसत त्या घरात कुणालाच नसते. तिने पाणी विचारले आहे. रात्री अडीच वाजताही विचारले आहे.

हा मजकूर तिच्याविषयी आहे. ‘ती’ म्हणजे दरवेळी सूनच असते असे नाही. पंचाहत्तरीचा नवरा असतो, जो पार्किन्सन्स झालेल्या बायकोला उचलून खुर्चीत बसवतो आणि स्वतःची कंबर कुणाला सांगत नाही. लग्न न झालेली मुलगी असते, ‘तुला कुठे संसार आहे’ म्हणून जिच्याकडे आईवडील आपोआप आलेले असतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या तीस वर्षांच्या मुलाची आई असते. साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असावा, असा राष्ट्रीय पाहणीवर आधारलेला अंदाज आहे. त्यात पक्षाघात, कॅन्सर, स्किझोफ्रेनिया मिळवा. यांतले बहुतेक रुग्ण दवाखान्यात नाहीत, घरी आहेत. आणि घरी म्हणजे प्रत्यक्षात एकाच माणसाच्या अंगावर.

हे काम एका माणसाचे नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईतच आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३मध्ये पाशवी हल्ला झाला. मे २०१५मध्ये त्या गेल्या. मधला एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले आणि त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही. इच्छामरणाच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचे मुक्तकंठाने कौतुक केले. त्या परिचारिकांची माया आपण सांगत आलो, ते योग्यच आहे. मायेइतकीच महत्त्वाची एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. त्यांची ड्युटी बदलत होती. सकाळची सिस्टर दुपारी घरी जात होती, रात्रपाळीची येत होती, साप्ताहिक सुट्टी होती, एक पिढी निवृत्त झाली की दुसरी उभी राहत होती. प्रशिक्षित, पगारी, धडधाकट माणसांनाही आठ तासांनी घरी पाठवावे लागते, हे रुग्णालयाला कळते. घराला कळत नाही. घरात एकच सिस्टर असते, तिची ड्युटी कधी संपतच नाही, आणि ती थकली तर तो तिच्या स्वभावाचा दोष ठरतो.

तिला जागच्या जागी खिळवून ठेवण्याचे काम बहुतेकदा कौतुक करते. ‘तुझ्यासारखं कुणी करणार नाही गं,’ असे नणंद म्हणते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते. अमेरिकेतला दीर डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी येतो, आईकडे पाहून ‘किती बारीक झाली आहे’ म्हणतो, महागडा एअरबेड मागवून देतो. पैसे पाठवतो, त्यात खोट नाही. पण त्या तीन आठवड्यांतली एक रात्र तरी आईच्या खोलीत तो झोपला का, हे कुणी विचारत नाही. एकदा का ‘तिचाच हात लागतो’, ‘दुसऱ्या कुणाच्या हातून त्या जेवतच नाहीत’ असे घरात ठरले, की बाकीच्यांची सुटका झाली. हे ठरण्यात ती स्वतःही सामील असते, हे मान्य करायला हवे. ज्या घरात तिचे दुसरे काहीच मोजले जात नाही, तिथे निदान हे तरी मोजले जाते.

मोजमापाचीही एक गंमत आहे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरच्यांची काळजी घेणाऱ्या १५ ते ५९ वयोगटातल्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी १४० मिनिटे देतात, पुरुष ७४. यात मुलांचे करणेही आले. पण रात्री एक कान शेजारच्या खोलीकडे ठेवून पडून राहणे कोणत्या रकान्यात जाते? झोपेच्याच.

हे वर्षानुवर्षे चालले की काय होते, ते कुठल्याही फॅमिली डॉक्टरला ठाऊक आहे. रुग्णाचे रिपोर्ट घेऊन आलेल्या बाईचा स्वतःचा रक्तदाब १७० असतो. स्वतःचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ती दोन वर्षे पुढे ढकलत असते, कारण ‘यांना कोण बघणार?’ चिडचिड वाढते, जेवण तुटते, फोन घेणे बंद होते. आणि एक दिवस, शंभराव्यांदा तोच प्रश्न आल्यावर, हात उगारला जातो किंवा उठतोही. मग ती रात्रभर रडते. ‘सुटले तर बरं होईल’ हा विचार मनात आला म्हणून स्वतःला पापी ठरवते. वृद्धांच्या छळाच्या बातम्यांमागे लोभ आणि दुष्टावा असतोच. पण कित्येक घरांत निव्वळ झोप नसणे हेही कारण असते. ज्याला आपण छळ म्हणून दारात पोलीस आणतो, त्यातला काही भाग आठवड्याच्या एका मोकळ्या दुपारने टळला असता.

या मोकळ्या दुपारलाच रेस्पाइट केअर म्हणतात. रुग्णाची जबाबदारी काही तासांसाठी किंवा काही दिवसांसाठी दुसऱ्या जाणत्या हातांत जाते, आणि मूळ माणूस सुटतो. जपानमध्ये २०००पासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाला दीर्घकालीन देखभालीच्या विम्याचा हप्ता भरावा लागतो. त्यातून सकाळी गाडी येते, आजोबांना घेऊन जाते, आंघोळ-जेवण घालून संध्याकाळी परत सोडते. काही दिवसांच्या मुक्कामाचीही सोय असते. इंग्लंडमध्ये २०१४च्या कायद्याने सांभाळणाऱ्यालाही स्वतःच्या गरजांची तपासणी मागण्याचा हक्क दिला.

‘ते श्रीमंत देश,’ हे उत्तर तयार असते. म्हणून गोव्याचे उदाहरण द्यायला हवे. डॉ. अमित डायस आणि ‘संगात’ संस्थेशी निगडित सहकाऱ्यांनी तिथे डिमेन्शियाचा रुग्ण असलेल्या ८१ कुटुंबांवर एक शास्त्रशुद्ध चाचणी केली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी मोठी इमारत उभारली नाही. स्थानिक भाषा बोलणारी, साधारण शिकलेली माणसे निवडली, त्यांना थोडक्या काळाचे प्रशिक्षण दिले आणि सहा महिने नियमित घरोघर पाठवले. ती माणसे काय करत? हा हट्ट नसून आजार आहे, हे घरच्यांना समजावत. संध्याकाळी रुग्ण बिथरतो तेव्हा काय करायचे, काय बोलायचे नाही, हे दाखवत. डॉक्टरांशी गाठ घालून देत, सरकारी योजनांची माहिती देत, इतर नातेवाइकांना कामात ओढत. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारलेले आढळले, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. हे रूढ अर्थाने रेस्पाइट नव्हे, हे खरे. पण दार वाजवून कुणीतरी ‘तुम्ही कशा आहात?’ असे तिला विचारते, तेवढ्यानेही फरक पडतो, हे आपल्याच किनाऱ्यावर सिद्ध झाले आहे. मग इतक्या वर्षांत ते पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात का आले नाही?

सरकार काहीच करत नाही, असे नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. स्वागत आहे, डायपर बदलणारे हात मात्र तेच राहिले. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्यांना साहित्यासाठी ३००० रुपये मिळतात. आयुष्मान योजनेत सत्तरीपुढच्यांना पाच लाखांचे कवच आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. जो माणूस आठ वर्षे घरीच हळूहळू विझत जातो, त्याच्या घराला त्याचा उपयोग किती? केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा आहे. आईवडिलांसाठी मात्र आपल्या अर्जित रजेत हात घालायचा. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात, जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेख आहे. राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ योजना तर रेस्पाइटसाठीच आखलेली आहे. कागद आहेत. आपल्या गावातले समर्थ केंद्र कुठे आहे, असे कुणाला विचारून पाहावे.

केरळने २००८मध्ये परिहार सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर) धोरण केले आणि पंचायती व स्वयंसेवक यांना घरोघरच्या शुश्रूषेत गुंतवले. तिथे ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा ६०० रुपये ठेवले गेले. या रकमेत आज धड डायपरही येत नाहीत. तरीही राज्याच्या अंदाजपत्रकात त्या बाईसाठी स्वतंत्र ओळ आहे.

महाराष्ट्राला नवे काही बांधायचीही घाई नको. पुणे, ठाणे, नवी मुंबईसारख्या शहरांत महापालिकांनी ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रे बांधली आहेत. सकाळी हास्यक्लब, संध्याकाळी कॅरम आणि वर्तमानपत्रे, आणि अनेक ठिकाणी दुपारी कुलूप. नेमकी हीच दुपार हवी आहे. आठवड्यातून दोन दिवस, एक ते पाच, दोन प्रशिक्षित मदतनीस, एक चांगले संडास-बाथरूम, दाराला आतून लक्षात न येणारी कडी, एक व्हॅन. जागा, वीज, नामफलक, उद्घाटनाची कोनशिला सगळे आधीच आहे. गावांत हे काम आरोग्य उपकेंद्राभोवती उभे करता येईल. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपले धडधाकट सभासद दोन तासांसाठी दिले, तर तोही सहलीइतकाच चांगला कार्यक्रम ठरेल.

‘ब्यूरोची बाई ठेवा की’ हा सल्ला सुस्थितीतल्या घरांसाठी ठीक आहे. शहरात चोवीस तासांची बाई म्हणजे महिन्याला पंचवीस-तीस हजार सहज गेले. शिवाय ती बाई तरी कोण? बहुधा मराठवाड्यातल्या किंवा आणखी दूरच्या गावातून आलेली, मागे आपले म्हातारे धाकट्या जावेवर टाकून. ‘चोवीस तास’ या शब्दांत तिची झोप कुठे बसते, हे तिला ठेवणाऱ्यांनीही कधी मोजलेले नसते. ताण एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवण्याला व्यवस्था म्हणता येणार नाही.

आणि लोक काय म्हणतील? आईला ‘टाकून’ गेली म्हणतील. चार दशकांपूर्वी पाळणाघरात मूल ठेवून नोकरीला जाणाऱ्या बाईलाही हेच ऐकावे लागत होते. आज त्याच पाळणाघरासाठी आजीच चौकशी करून येते. ‘अस्तु’ चित्रपटात स्मृती हरवलेले शास्त्रीबुवा हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखे जेवू घालते. आपण त्यांच्या मुलीची घालमेल लक्षात ठेवली. एक परकी, अशिक्षित बाई त्यांना नीट सांभाळू शकते, हेही तो चित्रपट दाखवतो. ‘दुसऱ्या कुणाच्या हातून जेवत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी तो भाग पुन्हा पाहावा.

सोय झाली तरी ती लगेच वापरली जाणार नाही, हे नियोजन करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पहिल्या दिवशी वडील अनोळखी खोलीत रडतील, ‘घरी ने’ म्हणतील, आल्यावर रात्रभर जागवतील. ती दर पंधरा मिनिटांनी फोन करेल आणि मोकळ्या वेळात बँकेतले काम नाहीतर औषधांची खरेदी एवढेच उरकेल. दुसऱ्या आठवड्यात ‘नको, त्रासच जास्त होतो’ म्हणून बंद करेल. कुटुंबे इथेच गळतात, आणि मदत मागायला येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून सुरुवात आजार नवा असताना, दोन तासांनी आणि ओळखीच्या माणसापासून व्हावी. तोवर दीर-नणंदांनी एक रविवार दुपार वाटून घ्यावी. कुठली गोळी जेवणाआधी, चहा बशीत की पेल्यात, आणि वारलेल्या भावाची चौकशी केली तर काय सांगायचे, हे एका कागदावर तिच्याकडून आधी लिहून घ्यावे.