न विचारलेले बालपण

गळीत हंगाम ऐन भरात असताना दौंड तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर, महिन्याच्या 9 तारखेस, म्हणजे गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी, मी बसलो होतो. ऊसतोड मजुरांच्या कोपीवरून पायी आलेल्या, बीडकडच्या एका कोवळ्या स्त्रीच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, तर तो सैल होऊन कोपराकडे घसरू लागला. परिचारिकेने तो एका हाताने धरून ठेवीत वजन, उंची, हिमोग्लोबिन आणि शेवटच्या पाळीची तारीख कार्डावर रुजू केली. लोहाच्या गोळ्या पदराच्या टोकाला बांधता बांधता ती स्त्री शेजारणीस सांगत होती, की आठव्या वर्षी धाकटी भावंडे तिच्या कडेवर आली आणि शाळा सुटली ती कायमची. ही कैफियत लिहून घेण्यास कार्डावर रकाना नव्हता.

तो असावयास हवा. भूक, मार, आईबापांचा वियोग, दारूने उद्ध्वस्त झालेले घर यांच्या अखंड धाकात जे मूल वाढते, त्याच्या मेंदूपासून मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत संकटाची वर्दी पोहोचविणारी जी यंत्रणा, ती संकट टळल्यावरही पूर्ववत स्वस्थ होतेच असे नाही. कोणाची अतिदक्ष राहते, कोणाची थकून मंदावते. गर्भारपणी वारही मेंदूसारखाच वर्दीचा स्राव निर्माण करू लागते, आणि मेंदूत ज्या स्रावाला अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल आवर घालते, त्यालाच वारेत ते उत्तेजन देते. बालपणी पुष्कळ सोसलेल्या गर्भवतींमध्ये हा स्राव अधिक वेगाने वाढतो, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांना आढळले आहे. त्याच्या अकाली वाढीचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी जोडला जातो. अर्थात हे विधिलिखित नव्हे: आईचे बरेचसे कॉर्टिसॉल निष्प्रभ करून गर्भास जपणारे विकरही त्याच वारेत असते.

शिरूर तालुक्यातील वढू येथे डॉ. बानू कोयाजी यांनी ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले, आणि त्यांच्याच पुण्यातील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 नंतर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास केला. त्या मातांचे सरासरी वय 21च्या आसपास होते, म्हणजे त्यांतील कितीकींचा जन्म 1972च्या दुष्काळाच्या आगेमागे झालेला. त्यांची बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्याही आतली, हडकुळी, तरी चरबी राखून असलेली निघाली. आईच्या ताटाची एवढी बारकाईने चौकशी ज्या मुलखात झाली, तेथे तिच्या बालपणाची चौकशी अशक्य मानण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्र ती दोष देण्याकरिता नसावी. महाराष्ट्रात 20 ते 24 वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 22 जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे 2019–21च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. जेथे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडण्यास जोडप्याचा कोयता लागतो, तेथे या लग्नांचा जाब एकट्या आईला विचारणे हा अन्याय होय. शिवाय सासूसमोर, रांगेत, घाईने विचारलेला असा प्रश्न स्वतःच एक जाच ठरेल. म्हणून माझी तजवीज अशी, की आशाताईंवरील कागदांचा बोजा उतरवून त्यांना एकेका गर्भवतीजवळ निवांत बसू द्यावे, आणि जिने पुष्कळ सोसले आहे तिची भेट वारंवार, तिच्या कोपीवर जाऊन, घ्यावी.

ओसरीवरच्या त्या मुलीला तेव्हा पाचवा महिना होता. गळीत हंगाम संपून पट्टा पडेल तेव्हा आठवा लागलेला असेल, आणि संसाराच्या बोचक्यांवर बसून ती ट्रकने बीडकडे निघेल. तिकडच्या परिचारिकेस तसा निरोप पोहोचेलच, याची खात्री नाही.