‘मधूनच जातो’ म्हणजे बिघाडच!

शिळफाट्याला राहायचं म्हणजे रात्रीचा प्रवास चुकत नाही. कुणाची कारखान्यातली पाळी उशिरा सुटते, कुणाला म्हाताऱ्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असतं, कुणी संकष्टीला महडच्या वरदविनायकाचं दर्शन घेऊन परतत असतं. एकीकडे बोरघाट, दुसरीकडे पालीचा रस्ता, त्यात पावसाळ्याचं धुकं. आणि अशा रस्त्यावर गाडीचा हेडलाइट लपंडाव खेळत असला, तर घरातून उत्तर काय मिळतं? ‘अगं, लागतोय ना आता? मग झालं तर!’

मैत्रिणींनो, इथेच आपण गप्प बसतो आणि तेच मला पटत नाही. पूर्ण गेलेला दिवा निदान दुसऱ्या दिवशी बदलला तरी जातो. मधूनच जाणारा दिवा मात्र महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि नेमका वळणावर दगा देतो. शिवाय एकच दिवा लागलेली गाडी समोरच्याला मोटारसायकल वाटते. तो त्या हिशेबाने जागा सोडतो. पुढचं काय सांगायचं?

गॅरेजमध्ये गाडी नेली की दिवा शहाण्यासारखा लागतो, ही खरी अडचण. मग ‘ताई, काही झालेलं नाही’ असं ऐकून परत यायचं. पण लेकराला ताप येऊन-जाऊन असेल, तर आपण डॉक्टरांना काय सांगतो? कधी चढतो, किती वेळ राहतो, सोबत खोकला आहे का. दिव्याचंही तसंच करायचं. एका कागदावर नोंद ठेवायची.

पहिली नोंद : एक दिवा जातो की दोन्ही? एकच जात असेल तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर, फ्यूज किंवा अर्थिंगची वायर तपासायची. दोन्ही एकदम जात असतील तर स्विच, रिले किंवा बॅटरीच्या जोडण्यांवर संशय घ्यायचा. फक्त डिपर जातो की अप्परही, हेही लिहायचं.

दुसरी नोंद : कधी जातो? खड्ड्यात आदळल्यावर गेला तर जोडणी सैल असणार. बराच वेळ लागून तापल्यावर गेला तर रिले, स्विच किंवा वितळलेला होल्डर. पावसात गेला तर पाणी आणि गंज. आणि आपल्याकडे पाऊस काही थोडाथोडका नसतो! इंजिनाचा वेग वाढवल्यावर उजेड वाढत असेल, तर बॅटरी आणि चार्जिंग तपासून घ्या.

हा कागद पुढे केला की मेकॅनिकही नीट ऐकतो. त्याला दोन गोष्टी आवर्जून सांगा. डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून बघा. बिघाड बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब, जागीच राहिला तर दोष वायरिंगमध्ये. दुसरं म्हणजे, दिवा लावलेला असतानाच होल्डरजवळ मीटरने व्होल्ट मोजा. भार नसताना गंजलेली जोडणीही पूर्ण १२ व्होल्ट दाखवू शकते. भार पडला की तिचं पितळ उघडं पडतं. हॅलोजन बल्बला १० टक्के व्होल्ट कमी मिळाले तरी उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो.

दुरुस्ती बहुतेक वेळा छोटीच असते. अर्थिंगची जागा घासून साफ करून नट घट्ट करणं, होल्डर किंवा रिले बदलणं. चिकटपट्टी गुंडाळून भागवू देऊ नका. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवायचा नाही, वायर पेटू शकते. नेहमीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो; जास्त उजेडाच्या हौसेने १००/९० वॅटचा घातला की होल्डर वितळतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि ते नियमातही बसत नाही. घरी बल्ब बदलायचा तर दिवा बंद करून तो थंड होऊ द्या, काचेला बोट लावू नका. एलईडी किंवा झेनॉन दिवे असतील तर काम जाणकारावरच सोपवा.

आणि भर रस्त्यात दिवे गेलेच तर? घाबरून करकचून ब्रेक मारायचा नाही. अप्पर लागतो का बघायचं, वेग कमी करत डावीकडे सुरक्षित जागी थांबायचं, चारही इंडिकेटर चालू ठेवायचे. मदत लागली तर ११२ आहेच.

गाडी कोण चालवतं हा मुद्दाच नाही. मागच्या सीटवर लेकराला मांडीवर घेऊन आपणच बसलेल्या असतो. ‘गाडीतलं तुला काय कळतं’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या, पण कागद पुढे करा. दिवा दुरुस्त होईपर्यंत रात्री गाडी बाहेर काढायची नाही, एवढा हट्ट आपण धरायलाच हवा. साडीसाठी धरतो, मग जिवासाठी का नको?