सत्य सांगणाऱ्यास अभय हवे

औषधाच्या गुणावगुणांविषयी मतभेद होणे आपल्या शास्त्राला नवे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचा पुरस्कार आहे तो याचसाठी. परंतु मूळ नोंदीच खोट्या असतील तर संभाषा कशावर करावयाची? म्हणून अशा नोंदींकडे बोट दाखविणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे आम्ही संघटनेचे कर्तव्य मानतो.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील २००५ सालच्या एका शोधनिबंधात जुन्याच चित्रांचा पुनर्वापर झाल्याचा आरोप २००६ मध्ये निनावी ई-मेलद्वारे झाला. संस्थेने नेमलेल्या समितीने लेखकांना निर्दोष ठरविले. तथापि 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'ने २००७ मध्ये तो निबंध मागे घेतला. तेथे पुरावा छापील होता, म्हणून निनावी तक्रारही टिकली. आपल्याकडे रुग्णपत्रके मार्गदर्शकाच्या कपाटात आणि चाचणीच्या वह्या फार्मसीत असतात. त्या पाहणारे दोघे-तिघेच. नाव झाकले तरी माणूस ओळखू येतो. जोह्यापासून रोह्यापर्यंत तर सारेच परस्परांच्या परिचयाचे. विद्यार्थ्याचा प्रबंध मार्गदर्शकाच्या सहीवर आणि कर्मचाऱ्याचा पगार मालकाच्या मर्जीवर अवलंबून असताना बोलावे कोणी?

रॅनबॅक्सीतील खोट्या माहितीविषयी दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्ये आवाज उठविला. कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले ते २०१३ मध्ये. आठ वर्षे धीर धरणे सर्वांना शक्य नसते. आपला २०१४ चा जागल्या संरक्षण कायदाही लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरताच आहे. खासगी फार्मसीतील कर्मचाऱ्यास त्याचा आधार नाही.

यास्तव संघटनेने तक्रार स्वीकारण्यासाठी दोन ज्येष्ठ वैद्य नेमावेत व तक्रारदाराचे नाव त्यांच्यापलीकडे जाऊ देऊ नये. चौकशीत संस्थेबाहेरील सदस्य असावेत, मूळ नोंदी प्रथम ताब्यात घ्याव्यात आणि आरोपितासही बाजू मांडण्याची पूर्ण संधी द्यावी. सूडबुद्धीने केलेली तक्रार याच कसोटीवर उघडी पडेल. विद्यार्थ्यास मार्गदर्शक बदलून मिळावा. फार्मसी मालकांनी चाचणीच्या करारातच प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध करण्याचे मान्य करावे.

यात फार्मसीचे नुकसान आहे, असे काही बंधूंना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. खोट्या आकड्यांवर खपलेले औषध रुग्णास गुण देत नाही आणि त्याची अपकीर्ती प्रामाणिक वैद्याच्या दारातही येते.