तक्रार केली म्हणून तिचे कॉलेज सुटू नये

मा. संपादक,

कुठे काही घडले की आपल्याकडे पहिला बंदोबस्त मुलींचाच होतो. हॉस्टेलचे फाटक लवकर बंद होते, मोबाइल काढून घेतले जातात, कराटेचे शिबिर लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये, व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या दिवशी, चांदूर रेल्वेच्या महिला महाविद्यालयातील विद्यार्थिनींना प्रेमविवाह न करण्याची शपथ दिली गेली. त्याच्या दहाच दिवस आधी, ३ तारखेला, हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले होते. १० तारखेला ती गेली. त्या धास्तीतूनच शपथ सुचली असेल, हे मी समजू शकते. पण तिने कुठे कुणावर प्रेम केले होते? पेटवून देणारा तिच्या मागे लागला होता आणि ती त्याला दाद देत नव्हती. अशा मुलीला ही शपथ काय वाचवणार होती? ‘मुलींनाच शपथ का, मुलांना द्या,’ असे पंकजा मुंडे यांनी तेव्हाच सुनावले होते. त्या प्रश्नावर आपल्या कॉलेजांनी आजवर काही केल्याचे मला दिसत नाही.

वऱ्हाडातल्या कॉलेजांत मी बरीच वर्षे शिकवले आहे. त्रासाची सुरुवात कशी होते ते बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. एखादा मुलगा एखाद्या मुलीकडे पाहू लागतो. ती नाही म्हणते. मग त्याचे मित्र कामाला लागतात. ती एसटीतून उतरली, की स्टँडवरच मागून ‘वहिनी, वहिनी’ सुरू होते. ग्रंथालयात, कँटीनमध्ये, स्नेहसंमेलनाच्या तालमीत तेच. पुढे तिच्या फोटोचे खोटे इन्स्टाग्राम खाते निघते. ओरडणाऱ्या पोरांना ही मस्करी वाटते, आपण काही गुन्हा करतो आहोत असे त्यांच्या गावीही नसते. तिच्या नकाराला त्या घोळक्याने आधीच खोटे ठरवलेले असते, आणि त्यातून त्या एका मुलाला बळ मिळते. म्हणून बोलायचे तर आधी या मित्रांशी बोलायला हवे. ‘सोड रे, ती नाही म्हणाली ना,’ असे म्हणणारा एक जण त्या टोळक्यात असला, तर कितीतरी प्रकरणे तिथेच थांबतील.

आणि मुलगी काय करते? माझ्याकडे आलेल्या मुली एकच विनवणी करायच्या, ‘मॅडम, घरी नोका सांगू, बाबा कॉलेजच बंद करतीन.’ दर्यापूर, अंजनगाव, बाळापूरकडून रोज येणाऱ्या मुलीला त्रास देणाऱ्याच्या भीतीइतकीच ही भीती असते. पोलीस ठाणे तर तिला फारच लांब वाटते. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे. त्यामुळे तक्रार देऊन घरी परतताना तोच मुलगा पुन्हा नाक्यावर दिसेल, ही तिची धास्ती खोटी नाही.

घर आणि पोलीस ठाणे यांच्या मधली जागा कायद्याने दिलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या प्रकरणांसाठी अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्या तरी सदस्य महिला, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. विभागप्रमुख, अधिष्ठाता अशा वरच्या पदावरची माणसे त्यात नकोत. चौकशी ९० दिवसांत संपवायची. चौकशी सुरू असताना तिला किंवा त्याला दुसऱ्या तुकडीत हलवता येते, त्याला तिच्यापासून लांब राहण्याची ताकीद देता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. म्हणजे तिचे शिक्षण न थांबवता तक्रार चालवण्याची सोय आहे. सहल, शिबिर, कॉलेजची बस हेही यात धरले आहे. मुलींच्या सुरक्षिततेचे कारण सांगून हॉस्टेलमध्ये त्यांना मुलांपेक्षा वेगळे नियम लावू नयेत, असेही त्यात स्पष्ट आहे.

प्रत्यक्षात काय आहे? एका कॉलेजच्या सूचनाफलकावर परीक्षेच्या वेळापत्रकाखाली अर्धा झाकलेला समितीचा कागद मी पाहिला. अध्यक्ष म्हणून ज्या बाईंचे नाव होते, त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. विद्यार्थी प्रतिनिधी निवडलेले नव्हते, नेमलेले होते. असा कागद नॅकच्या मूल्यांकनात दाखवायला पुरतो. रडत आलेल्या मुलीने कोणाकडे जायचे, ते त्यावरून कळत नाही.

खोट्या तक्रारींनी मुलांचे आयुष्य बिघडते, असा आक्षेप नेहमी येतो. निरपराध मुलाची काळजी मलाही आहे, आणि म्हणूनच समिती शिकलेली, तयारीची असली पाहिजे. गोवा विद्यापीठात २००९ मध्ये दोन विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रार केली. समितीने घाईघाईत चौकशी उरकली आणि त्या प्राध्यापकाची नोकरी गेली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नव्हती, म्हणून चौकशी पुन्हा करायला सांगितले. चौदा वर्षांनी मुलींना न्याय नाही आणि त्या माणसालाही निकाल नाही. कच्च्या समितीने दोन्ही बाजूंचे नुकसान होते.

वाट माहीत असली की मुली बोलतात, हे अकोला जिल्ह्याने पाहिले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये काजीखेडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकावरील मुलींच्या छळाच्या आरोपाचे प्रकरण १०९८ या मदत क्रमांकावर गेलेल्या तक्रारीतून बाहेर आले. शाळकरी मुलींना जे जमले ते कॉलेजच्या मुलींना का जमू नये? अकोल्यात नीटच्या क्लासेससाठी खोल्या करून राहणाऱ्या मुलामुलींचाही विचार व्हावा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या क्लासला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अशी समिती नेमावी लागते. क्लास त्याहून लहान असेल तर मुलींना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. किती क्लासचालक हे मुलांना सांगतात?

रॅगिंगविरोधी हमीपत्र प्रत्येक विद्यार्थी आणि पालक प्रवेशाच्या वेळी भरून देतातच. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने पाचही जिल्ह्यांतल्या कॉलेजांना त्याच वेळी आणखी एक कागद देणे बंधनकारक करावे: समितीच्या सदस्यांची चालू नावे, फोन, तक्रार कशी करायची आणि नंतर काय होते, हे सोप्या मराठीत. तो पालकांच्याही हाती पडावा, कारण ‘कॉलेज बंद’ हा निर्णय घरातच होतो. पहिल्या महिन्यात प्रत्येक वर्गात, मुले समोर बसलेली असताना, समितीने येऊन बोलावे. जिथे समितीच नाही, त्या कॉलेजांची यादी विद्यापीठाने जाहीर करावी. येत्या जूनच्या प्रवेशापासून हे होऊ शकते, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, अमरावती