दुरुस्ती : कारागिराचा हक्क की कंपनीची मेहेरबानी?

डोंबिवली पूर्वेला स्थानकाबाहेरच्या गल्ल्यांत, कल्याण पश्चिमेला आणि ठाण्याच्या स्टेशन रोडच्या आसपास जिन्याखालचे, पोटमाळ्यावरचे असे कितीतरी गाळे आहेत, ज्यांच्या दारावर 'लॅपटॉप दुरुस्ती' अशी पाटी असते. आत एक सूक्ष्मदर्शक, एक मीटर, गरम हवेचे यंत्र आणि मान खाली घालून बसलेला एखादा तरुण. कंपनीच्या अधिकृत केंद्राने 'मृत' ठरविलेला बोर्ड जिवंत करून देणे हा त्याचा व्यवसाय. कारखाना कायद्याच्या लेखी हा तरुण कामगार नाही. बँकेच्या लेखी तो तारण देऊ शकणारा उद्योजक नाही. कंपन्यांच्या लेखी तर तो अनधिकृत, म्हणजे जवळजवळ गुन्हेगारच. आणि डाव्या चळवळीच्या लेखी? तेथे त्याची नोंदच नाही. ही नोंद का व्हावयास हवी, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

प्रथम हे काम नीट समजून घेतले पाहिजे, कारण सारा वाद त्यावरच उभा आहे. लॅपटॉप चालू होत नाही म्हणून गिऱ्हाईक अधिकृत केंद्रात जाते. तेथले उत्तर बहुधा ठरलेले असते: मदरबोर्ड गेला, संपूर्ण बदलावा लागेल. खर्चाचा अंदाज असा निघतो की त्यापेक्षा नवे यंत्रच हप्त्याने घ्यावे असे वाटू लागावे. तोच बोर्ड गल्लीतल्या कारागिरापुढे आला की तो काय करतो? अ‍ॅडॉप्टरचे 19 व्होल्ट बोर्डात शिरतात की नाही, हे तो आधी पाहतो. मग मुख्य वाहिनी आणि ग्राउंड यांच्यामधला रोध मोजतो. तो जवळजवळ शून्य आला, तर कोठेतरी शॉर्ट आहे हे कळते. परंतु त्या एकाच वाहिनीवर डझनावारी कपॅसिटर समांतर जोडलेले असतात आणि त्यांतला दोषी कोणता, हे मीटर सांगू शकत नाही. तेव्हा तो बाहेरून एखाद्या व्होल्टच्या दाबाने मर्यादित प्रवाह त्या वाहिनीत सोडतो आणि बोर्डावर अल्कोहोल लावतो. जेथून ते सर्वांआधी उडून जाते तेथे उष्णता आहे, आणि जेथे उष्णता आहे तेथे दोष आहे. तांदळाच्या कणीएवढा, काही रुपये किमतीचा तो तुकडा काढून नवा बसविला की यंत्र पुष्कळदा पुन्हा सुरू होते. शॉर्ट नसेल तर काम अधिक बिकट. 3.3 आणि 5 व्होल्टचे सदैव जागे असणारे पुरवठे, बटण दाबल्याची वर्दी घेणारी नियंत्रक चिप, आठ पायांची बायोसची चिप, अशी एकेक पायरी कोणत्या क्रमाने जागी होते आणि साखळी कोठे तुटते, हे शोधावे लागते. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेने आणि सांडलेल्या चहाने चढलेला हिरवा गंज हे संकट वेगळेच.

या निदानाला दोन गोष्टी लागतात: हातातले कसब आणि सर्किटचा नकाशा. कसब कारागिराने उमेदवारीत, बहुधा विनावेतन, कमावलेले असते. नकाशा मात्र कंपनीच्या तिजोरीत असतो. कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट असावेत, कोणती चिप कोणत्या चिपच्या इशाऱ्याची वाट पाहते, हे नकाशावाचून केवळ अंदाजाने शोधणे म्हणजे अंधाऱ्या घरात विजेची तुटलेली तार शोधणे. नकाशा प्रत्येक बोर्डाचा असतोच; त्यावर 'गोपनीय' हा शिक्का असतो एवढेच. म्हणून तो कारागिराच्या हाती येतो तो चोरवाटेने, पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर. चिपांची गत तीच. काही चिप एकाच कंपनीसाठी बनविल्या जातात आणि खुल्या बाजारात येतच नाहीत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घातला तरी नवी चिप मिळत नाही. मग दुसऱ्या एखाद्या मेलेल्या बोर्डावरून ती उपसून काढावी लागते. प्रामाणिक काम करण्यासाठी ज्याला रोज चोरी करावी लागते, त्या माणसाचा दोष शोधायचा, की त्याला चोर ठरविणाऱ्या व्यवस्थेचा?

हे नेहमीच असे नव्हते. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता, त्या काळात रेडिओ आणि पुढे दूरचित्रवाणी संचांच्या सर्किटचा नकाशा पुष्कळदा पेटीच्या आतल्या बाजूला चिकटविलेला वा सोबतच्या पुस्तिकेत छापलेला असे. तो पाहून गावोगावच्या दुरुस्तीवाल्यांनी विद्या संपादन केली आणि त्यांच्या हाताखाली पुढची पिढी तयार झाली. त्या नकाशामुळे कोणताही कारखानदार भिकेला लागला नाही. नकाशा लपविण्याची गरज निर्माण झाली ती नफ्याचे गणित बदलले तेव्हा. यंत्र टिकले तर नवे खपत नाही, म्हणून जुने लवकर निरुपयोगी ठरविणे हाच धंद्याचा भाग झाला. स्मृतीच्या चिप बोर्डालाच सोल्डर करून टाकणे, भाग चिकटवून बसविणे, या साऱ्या गोष्टी 'बारीक आणि हलके यंत्र' या नावाखाली खपविल्या जातात. यंत्र बारीक होते हे खरे. गिऱ्हाइकाचा हक्कही त्याच प्रमाणात बारीक होतो.

या संदर्भात समाजवाद्यांना स्वतःच्याच इतिहासाची आठवण करून द्यावी लागते, ही खेदाची गोष्ट आहे. 1977 साली जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतीय शाखेतील आपला हिस्सा कमी करण्यास आयबीएम तयार झाली नाही आणि 1978 मध्ये तिने देशातून काढता पाय घेतला. 'कोका-कोला हाकलला' ही कथा सर्वांना पाठ आहे. आयबीएमच्या मागे काय घडले, हे फारसे कोणी सांगत नाही. सरकारने 1975 साली कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन नावाची सार्वजनिक कंपनी स्थापन केली होती. देशभरातील आयबीएमच्या यंत्रांची देखभाल तिने आपल्याकडे घेतली आणि भारतीय अभियंत्यांनी व तंत्रज्ञांनी ती यंत्रे चालू ठेवली. संगणकाची दुरुस्ती हा राष्ट्राच्या स्वायत्ततेचा प्रश्न आहे, हे त्या काळी या देशाच्या शासनाला समजत होते. पुढे 2001 मध्ये ही कंपनी टाटा समूहाला विकली गेली आणि 2015 मध्ये टीसीएसमध्ये विलीन होऊन नावानिशी संपली.

त्या प्रकरणातला आणखी एक धडा महत्त्वाचा आहे. आयबीएम आपली बरीचशी यंत्रे विकत नसे, भाड्याने देत असे. यंत्र तिच्या मालकीचे, म्हणून दुरुस्तीही तिच्या हाती. आजची कंपनी गिऱ्हाइकाकडून पूर्ण किंमत वसूल करते आणि दुरुस्तीचा अधिकार तरीही स्वतःकडेच ठेवते. ही विक्री नव्हे. विक्रीची पावती देऊन घेतलेले हे भाडे होय. डोंबिवलीच्या लोकलने लोंबकळत जाऊन ज्याने लॅपटॉपचे हप्ते फेडले, तो त्या यंत्राचा मालक नाही, केवळ भाडेकरू आहे.

आणि हा अन्याय एकट्या गिऱ्हाइकावर नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व कामगार हॅरी ब्रेव्हरमन यांनी 1974 मध्ये दाखवून दिले होते की, भांडवलशाही कामातील विचार आणि कामातील हात यांची फारकत करते; विचार व्यवस्थापनाकडे ओढून घेते आणि कामगाराच्या हाती निव्वळ हालचाल उरवते. अधिकृत सेवाकेंद्रात नेमके हेच घडते. तेथे बसणारा पदविकाधारक तरुण कंपनीचा नोकरही पुष्कळदा नसतो; तो मधल्या ठेकेदाराचा माणूस असतो. शिकलेली विद्या वापरण्याची त्याला मनाई असते. त्याने बोर्ड उघडायचा नाही, तपासायचा नाही. काढायचा आणि दुसरा बसवायचा. गल्लीतल्या कारागिराला नकाशा नाकारला जातो, केंद्रातल्या कामगाराला बुद्धी वापरणे नाकारले जाते. दोघांचा शत्रू एकच आहे, आणि दोघे मात्र एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात.

कंपन्यांचे युक्तिवाद तपासून पाहू. पहिला सुरक्षिततेचा: अनाडी हातांनी लिथियम बॅटरी पेटेल. धोका खरा आहे. म्हणूनच तर माहिती उघड हवी. औषधाच्या वेष्टनावरील सूचना पुसून टाकल्याने रोगी सुरक्षित होत नाही. दुसरा बौद्धिक संपदेचा: नकाशा दिला तर प्रतिस्पर्धी नक्कल करतील. ज्या प्रतिस्पर्ध्याजवळ चिप जोडण्याचा कारखाना आहे, तो बाजारातून एक यंत्र विकत घेऊन उघडू शकतो. नकाशावाचून अडतो तो फक्त दुरुस्ती करणारा. तिसरा आक्षेप असा की गल्लीतले दुकानदार फसवितात, चांगले भाग काढून घेतात. असेही घडते, आणि ते लपविण्याचे कारण नाही. परंतु काही डॉक्टर लबाड निघतात म्हणून कोणी वैद्यकाची पुस्तके कुलपात ठेवा असे म्हणत नाही.

शासनाने काय केले? जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 रोजी एक पोर्टल सुरू केले. कंपन्या आपण होऊन जी माहिती देतील ती तेथे मांडायची, अशी ही योजना. सक्तीचा कायदा नाही. मे 2025 मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेला गुण देण्याविषयीचा अहवाल सादर झाला. फ्रान्सने असे गुण लॅपटॉपवर छापणे 2021 पासूनच सक्तीचे केले. गुण छापणे चांगले. पण गुणपत्रिकेने शॉर्ट सापडत नाही, त्याला नकाशाच लागतो. 2022 च्या ई-कचरा नियमांचा सारा भर पुनर्चक्रीकरणावर. बोर्ड वितळवून तांबे आणि सोने परत मिळते, हे ठीक. परंतु त्या बोर्डात गोठलेले हजारो हातांचे श्रम भट्टीत जातात, त्यांचा हिशेब कोण मांडणार? कायदा करणे अशक्य आहे, असेही नाही. 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने नाकारल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना 2,500 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. दंड पुढे अपिलांच्या फेऱ्यात सापडला, पण तत्त्व प्रस्थापित झाले. जे मोटारीला लागू ते लॅपटॉपला का नाही?

आता घरातल्या आक्षेपाकडे वळू. काही जुने कार्यकर्ते म्हणतील की लॅपटॉप हा मध्यमवर्गाचा प्रश्न आणि दुकानदार हा छोटा व्यापारी. यात वर्गलढा कोठे? 2020 च्या टाळेबंदीत ज्या घरांत एकच यंत्र होते आणि त्यावर आईबापांची नोकरी व मुलांची शाळा दोन्ही अवलंबून होती, त्या चाळींत जाऊन हा प्रश्न विचारावा. 1972 मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आणल्या, तेव्हाही 'हा तर स्वयंपाकघराचा प्रश्न' असे म्हणणारे होतेच. आणि दुकानदाराचे म्हणाल, तर 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत म्हणून वागळे इस्टेट उभी राहिली, तेव्हाचे ठाणे आज राहिलेले नाही. मोहोन्याची एनआरसी 2009 मध्ये बंद पडली. कारखान्यांच्या जागी मनोरे आले. कामगारवर्ग नाहीसा झाला नाही, तो अशा गाळ्यांत विखुरला. तुकड्यावर मजुरी, 'बोर्ड झाला नाही तर पैसे नाहीत' ही अट, सोल्डरचा धूर, अधू होणारे डोळे आणि आजारपणाची रजा नाही. ही जर श्रमिकाची स्थिती नव्हे, तर श्रमिक कोणाला म्हणायचे? कारखान्याच्या बंद फाटकाशी पत्रके घेऊन उभे राहणाऱ्या चळवळीला तो भेटणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपच्या बोर्डाचा नकाशा वाजवी शुल्कात कोणाही दुरुस्तीकाराला मिळावा आणि त्यावरील चिप विक्री बंद झाल्यानंतरही किमान सात वर्षे खुल्या बाजारात उपलब्ध राहाव्यात, असा सक्तीचा कायदा हवा. तो होईपर्यंत शासन, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका व जिल्हा परिषद यांनी आपल्या खरेदीच्या निविदेत एक अट घालावी: नकाशा नाही, तर खरेदी नाही. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात बोर्डाच्या निदानाला मानाचे स्थान मिळावे आणि त्याची पुस्तके मराठीत व्हावीत; इंग्रजीचा अडसर हीही मक्तेदारीच आहे, हे लोहियांच्या अनुयायांना वेगळे सांगावयास नको. आणि कारागिरांनी सहकारी संस्था उभी करावी. उष्णता टिपणारा कॅमेरा किंवा चिप बदलण्याचे महागडे यंत्र एकट्याला परवडत नाही. वीस जणांना परवडते. धूर ओढणारा पंखा, आरोग्यविमा, दराचे फलक आणि फसविणाऱ्यावर कारवाई, हे सारे संस्थाच करू शकते.

यासाठी पक्षकार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात आपापल्या विभागातील दुरुस्तीच्या दुकानांची यादी करावी, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास बसावे आणि कोणत्या नकाशावाचून, कोणत्या चिपवाचून किती बोर्ड परत करावे लागले, ते लिहून घ्यावे. महापालिकेच्या दारात नेण्यासाठी तेवढा कागद पुरेसा आहे. आयबीएम गेल्यावर देशाची यंत्रे चालू ठेवणारे हात याच देशाचे होते. ते कसब आजही या गाळ्यांत शाबूत आहे. त्याला मेहेरबानी नको, नकाशा हवा.